सायकल कितीची?

दिवाळीच्या आधी माळा साफ करायची कल्पना कुणाची, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ही म्हणते माझी. मी म्हणतो, निवृत्त माणसाला कल्पना सुचत नाहीत, त्याला कामं सांगितली जातात. ते काही असो, माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली आणि त्यात टेपरेकॉर्डरची अकरा स्पुलं निघाली. सात-सात इंची चकत्या, पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यांत. प्रत्येक खोक्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात मजकूर. दोनांवर ‘राग, शनिवार रात्र’. एकावर ‘राग, शनिवार रात्र (पाऊस)’. एकावर ‘ताईचा मुक्काम’. उरलेल्या सातांवर ‘इतर’.

बाबांनी पगारातून पैसे साठवून स्पूलचा टेप घेतला होता आणि आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा अखिल भारतीय संगीताचा कार्यक्रम ते रेडिओसमोर माइक धरून उतरवून घेत, एवढं मला आठवत होतं. त्या वेळी घरात कुणी शिंकायचं नाही असा नियम होता. मला शिंक आली की मी न्हाणीघरात पळायचो.

“आई, याचं मशीन कुठाय गं?”

“भंगारवाल्याला दिलं.”

“कधी?”

“इंदिराबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी.”

“केवढ्याला?”

“किलोवर. पण वजन छान भरलं हो त्याचं!” आईचं वय चौऱ्याऐंशी. त्या सौद्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर अजून ताजं होतं.

स्पुलं शहरात कुठे तरी द्यावीत, संगणकावर उतरवून घ्यावीत आणि पेनड्राइव्ह खिशात घालून घरी यावं, असं शहाण्या माणसाने केलं असतं. चिरंजिवांनी तसं सुचवलंही. पण पेनड्राइव्हवर ऐकायला मी काय आजकालचा आहे? मी जाहीर केलं की आपण स्पूलचा टेप विकत घेणार, आणि तोही नीट पारखून. जर्मनीत आजही नवा बनतो. त्याची किंमत ऐकल्यावर जुनाच घ्यायचा निर्णय मी स्वखुशीने घेतला.

मग अभ्यास. दोनशे पानी वही आणली. तीन महिन्यांत ती भरली आणि माझ्यातला एक बरा माणूस संपून जाणकार तयार झाला. जाणकाराला वाटेल त्या विषयावरून आपल्या विषयावर येता येतं. हिने भाकरी वाढली की मी म्हणायचो, “जुन्या मशीनचं रबराचं चाक असंच होतं. कडक भाकरी! फितीला धरत नाही, मग आवाज लडबडतो.” उन्हाने सात रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं दिसलं की म्हणायचो, “पट्टे असेच वितळतात आतमध्ये.” एकदा जेवताना मी सांगितलं की जाड फितीचं सात इंची स्पूल बाराशे फुटांचं असतं आणि सेकंदाला साडेसात इंच वेगाने ते बत्तीस मिनिटं पुरतं.

“बाराशे फूट म्हणजे केवढं हो?” हिने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी तरी रस दाखवला होता. मी खुलून म्हणालो, “आपल्या दारापासून साधारण दुधाच्या डेअरीपर्यंत.”

“मग जाऊन दूध घेऊन या.”

एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी सुपारी मागितली, तेवढ्यावरून मी त्यांना फ्रिट्झ फ्लॉयमर सांगितला. हा जर्मनीतला माणूस सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी चढवण्याच्या उद्योगात होता. कागदावर धातूची पूड चिकटवता येते, तर लोहाची का नको, असं म्हणून त्याने १९२८ साली ध्वनिफितीचं पेटंट घेतलं. म्हणजे बघा, टेप निघाली ती तंबाखूतून! ज्या गावात घरोघरी बिड्या वळल्या गेल्या, तिथल्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा. पुढे १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिलं मशीन मांडलं गेलं, आणि त्याच बर्लिनच्या प्रदर्शनात १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणून या मशीनच्या मुळावर घाव घातला. इथे पोचेपर्यंत मठ्ठा आला होता आणि गृहस्थ पंगत बदलून वधूपक्षात जाऊन बसले होते.

वही भरल्यावर खरेदीला बाहेर पडलो.

सोलापुरात ‘स्पूलचं मशीन आहे का’ असं मोघम विचारू नये, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. पहिल्याच माणसाने मोठ्या अगत्याने मला एका शेडमध्ये नेलं आणि सूत गुंडाळायचं यंत्र दाखवलं. “चार माग असतील तर हे बास हाय.” मी म्हटलं, मला गाणं ऐकायचंय. त्याने ते यंत्र चालू करून दाखवलं. “ऐका की मग!” बार्शीच्या एका गृहस्थांनी फोनवर छातीठोक सांगितलं की मोठ्या दोन चकत्यांचं मशीन आहे, विलायती आहे, अगदी चालू आहे. एसटीने गेलो. सिनेमाचं प्रोजेक्टर निघालं. तेही नुसतं पाहून परत यायचं तर मी निदान दिव्याची चौकशी केली. जाणकाराला कुठलंही मशीन दिसलं तरी काही तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

मंगळवार बाजारात मात्र खरोखरचा एक स्पूलचा टेप दिसला. एका बाजूला कुकरची झाकणं, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली इस्त्री, आणि मध्ये हा. मी वहीतल्याप्रमाणे आधी दुर्लक्ष केलं. मग इस्त्रीची किंमत विचारली. मग सहज म्हणून, “आणि हे?”

“पंधरा हजार.”

“चालू आहे का?”

“चालू हाय की ओ.”

“चालू म्हणजे?”

“लाइट लागतेय की!”

पुढे मला कळलं की जुन्या टेपच्या व्यवहारात ‘चालू’ या शब्दाचा हा सर्वमान्य अर्थ आहे. चकत्या फिरतात का, आवाज येतो का, या वरच्या इयत्तेतल्या गोष्टी. मी खाली वाकून, वहीत लिहिल्याप्रमाणे, हेडवरून नख फिरवलं. फीत घासून घासून हेडला खाच पडलेली असली तर नखाला लागते. लागली. चांगली खोल लागली.

“हेड गेलंय,” मी ताठ उभा राहून म्हणालो.

विक्रेत्याने शेजारच्या कुकरवाल्याकडे बघितलं. हीदेखील पिशवी घेऊन उभी होती. तिने दोघांकडे आळीपाळीने बघून अशी काही मान हलवली, की माझ्या निदानाशी ती सहमत आहे पण कुणाच्या बाबतीत ते स्पष्ट होऊ नये.

पुण्यातल्या एका रसिकांकडे दोन मशीन असून त्यातलं एक ते देणार आहेत अशी खबर लागली. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. त्यांनी मशीन दाखवण्याआधी मला समोर बसवून प्रश्न विचारले. काय ऐकता? कुठल्या खोलीत ऐकता? खोलीची लांबी किती? स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर? मी शक्य तितकी खरी उत्तरं दिली. मशीन देखणं होतं, स्वित्झर्लंडचं, आणि त्यांनी ते मऊ फडक्याने पुसत पुसत मला दुरूनच दाखवलं. शेवटी म्हणाले, “सोलापूरला नेणार म्हणता? तिथे धूळ असते ना हो?” मी धूळ नाकारायचा प्रयत्न केला, पण माझ्या चपलांनी मला साथ दिली नाही. मशीन मिळालं नाही. चहा मिळाला. चांगला होता.

परतीच्या गाडीत मी हताश होऊन वही चाळत होतो, तेव्हा फितींच्या रोगाचं पान उघडलं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही फितींचा चिकटा हवेतली ओल शोषून चिपचिपीत होतो, फीत हेडवर चीं चीं करत अडकते आणि तिची तपकिरी पूड गळते. त्यावरचा उतारा म्हणजे फीत साधारण ५०-५५ अंशांवर सात-आठ तास मंद भाजायची. त्याला खास यंत्रं असतात. मला घाम फुटला. बाबांची स्पुलं! घरी आल्या आल्या मी हा प्रश्न मांडला.

“त्यात काय,” ही म्हणाली, “मे महिन्यात कुरडयांच्या शेजारी टाकू गच्चीवर. दुपारी वळवायला मात्र तुम्ही जायचं.”

हे मी गमतीत घेतलं असतं, पण आईने लगेच जुनं धोतर कुठे आहे याची चौकशी सुरू केली. स्पुलं तपासायला न्यायला हवीत हे तेव्हाच नक्की झालं.

अशा रीतीने मी अण्णांकडे पोचलो. अण्णा पूर्व भागातले जुने रेडिओ मेकॅनिक. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण घराच्या पुढच्या खोलीत अजून वॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि कधी न नेलेले रेडिओ ठेवून ते बसलेले असतात. त्यांनी एक फीत हातभर उलगडली, नाकाशी नेली, दोन बोटांत धरून ओढली.

“काही झालं नाही ओ फितीला. ज्यांच्या पाठीला काळा थर असतो, त्यातल्या काही फितींना तो रोग होतो. तुमची पाठ साधी आहे. आणि ऊन दाखवलं तर मी बोलणार नाही तुमच्याशी.” मग माझ्याकडे बघून, “हे वाजवायचं मशीन कोणतं घेतलं?”

“शोधतोय. तीन महिने अभ्यास केलाय.” मी वही पुढे केली. अण्णांनी ती हातात घेतली, जाडी बघितली आणि न उघडता परत दिली.

“फिती कुठल्या मशीनवर भरल्या होत्या, ते लिहिलंय का त्यात?”

ते सोडून सगळं लिहिलेलं होतं. पण जाणकाराला असले प्रश्न क्षुल्लक वाटतात. “ते बघू,” म्हणून मी निघालो.

आणि त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. त्याच्या शेजारचे म्हातारे गोरे आजोबा घर आवरत होते आणि त्यांचा जपानी बनावटीचा, स्टिरिओ, दहा इंची चकत्याही बसतील असा भला मोठा टेप डेक ते फुकट देत होते. फुकट! मी त्याला हेडवरून नख फिरवायला लावलं, व्हिडिओवर. खाच नाही. रबर मऊ. लाइट लागते, चकत्याही फिरतात. वजन वीस किलो, आणि विमानात बॅगेला मुभा तेवीस किलोची. म्हणजे उरलेल्या तीन किलोंत भाच्याला आपल्या मावसभावाच्या लग्नासाठी महिनाभराचं सामान आणायचं होतं. तो बिचारा दोन शर्ट आणि एक शेरवानी घेऊन उतरला. जाताना त्याच बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि चार सोलापुरी चादरी गेल्या, त्यामुळे बहिणीने मला अर्धंमुर्धं माफ केलं आहे.

मशीन एकशे दहा व्होल्टचं. हे वहीत होतं! दोनशे तीसचे एकशे दहा करणारा ट्रान्सफॉर्मर मी आधीच आणून ठेवला होता. मशीन दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवलं, टीपॉयने जीव सोडला, मग आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या मेजावर ठेवलं. मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणून हेड पुसलं. (दुकानदाराने विचारलं, जखम कुठे आहे?) रविवारी सकाळी चहा-पोह्यांचा बेत केला आणि दोनचार जाणत्या मित्रांना बोलावलं. प्रास्ताविक मीच केलं. बर्लिनपर्यंत आलो तेव्हा ही आतून म्हणाली, “पोहे गार होतायत.”

‘राग, शनिवार रात्र’ लावलं. बटण दाबलं.

डाव्या स्पीकरमधून तानपुरा आला. तानपुरा म्हणजे काय, कुणी तरी खांब ओढत नेत असावा. मग गवई. एवढा गंभीर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ताना अशा येत होत्या की प्रत्येक स्वर खुर्ची घेऊन बसत होता. मध्येच एक अतिशय दुःखी, लांबलचक हंबरडा झाला. मित्रांपैकी एकाने डोळे मिटून “वाः” म्हटलं. तो गिरणीचा भोंगा होता.

आणि उजव्या स्पीकरमधून त्याच वेळी दुसरंच काही तरी येत होतं. एक जाडसर आवाज कुठल्या तरी अनोळखी भाषेत, शब्द गिळत गिळत, तावातावाने बोलत होता. एक मित्र म्हणाला, रशियन असावं. दुसरा म्हणाला, पूर्वी रेडिओवर अशी स्टेशनं एकमेकांत घुसायची. आतल्या खोलीतून आई लगबगीने बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने दिवाणखान्याभर नजर फिरवली.

“वन्सं कधी आल्या?”

आत्या जाऊन वीस वर्षं झाली. मित्रांनी पोहे संपवले आणि बाहेर पडले. जाताना एकाने माझा हात जरा जास्त वेळ हातात धरला.

मी रिक्षात मशीन घातलं, ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला आणि अण्णांचं घर गाठलं. उतरताना कमरेत जी कळ आली, ती अजून आहे.

अण्णांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि विचारलं, “सायकल कितीची?”

“रिक्षाने आलो.”

“तुमची नाही ओ, मशीनची! मागं लिहिलंय बघा. साठ सायकल.” आता त्याला हर्ट्झ म्हणतात, अण्णांच्या पिढीत सायकलच. “अमेरिकेत वीज सेकंदाला साठ फेरे घेते. आपल्याकडे पन्नास. जपानात तर अर्ध्या देशात पन्नास, अर्ध्या देशात साठ. या मशीनची मोटार फेऱ्यांच्या तालावर फिरते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं तुम्ही, फेरे कोण वाढवणार?”

म्हणजे तासाभराचं स्पूल आमच्याकडे बहात्तर मिनिटं चाललं होतं आणि सगळे स्वर तीन सुरांनी खाली घसरले होते. काळी एकमध्ये बसलेला गवई माझ्या दिवाणखान्यात येऊन खालच्या काळी पाचमध्ये पडला होता.

“आणि ते रशियन?”

अण्णा हसायला लागले ते थांबेनात. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला पाव इंची फीत मोठी करून काढली. बाबांचा टेप मोनो, दोन पट्ट्यांचा. फितीच्या वरच्या अर्ध्या भागात जाताना एक कार्यक्रम भरायचा, मग स्पूल उलटं लावून खालच्या अर्ध्या भागात येताना दुसरा. माझं स्टिरिओ मशीन फितीच्या चार बारीक पट्ट्या धरतं आणि त्यातली पहिली आणि तिसरी एकदम वाचतं. पहिली पडली वरच्या भागात, तिसरी खालच्या. म्हणून डावीकडे शनिवार रात्रीचा राग सुलटा, आणि उजवीकडे परतीचा मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे. बाबांनी रागाच्या पाठीवर आत्याचा मुक्काम भरला होता. दुसऱ्या खोक्यावर ‘ताईचा मुक्काम’ लिहिलेलं असताना इथे का भरला, याचं उत्तर बहुधा मुक्कामाच्या लांबीत असावं.

घरी येऊन मी आईला सगळं समजावून सांगितलं. आवाज मंद का झाला, जाड का झाला, आणि आत्या उलटं का बोलत होत्या.

“त्या सरळ कधी बोलल्या होत्या?” आई म्हणाली.

वर असंही म्हणाली की सावकाश बोलल्या ते बरं झालं, पूर्वी सासूबाईंपुढे त्या काय सांगायच्या ते वेगामुळे कधी कळायचं नाही. आता कळेल तर कळू दे. तेव्हापासून ती मला रोज विचारते, “वन्सं सुलट्या कधी करणार?”

स्पूल उलटं लावलं की आत्या डावीकडून सुलट्या येतात आणि उजव्या स्पीकरचा आवाज बंद केला की राग गप्प बसतो, हे मला समजलेलं आहे. ते मी आईला सांगितलेलं नाही. कारण एकदा आत्या नीट ऐकू आल्या, की घरात १९७४ सालचं एक भांडण पुन्हा सुरू होणार आणि त्यातल्या दोन साक्षीदार बायका अजून याच गल्लीत राहतात. या शहरात कारखान्याच्या एका चिमणीवरून किती वर्षं वाद चालला, आणि २०२३ साली ती पडल्यावरही कट्ट्याकट्ट्यावर तो संपलेला नाही. माझ्या घराला तेवढी वर्षं परवडणार नाहीत.

सायकलचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा निघाला. मोटारच्या दांड्यावर आहे त्याच्यापेक्षा एक पंचमांश जाड पुली बसवली की झालं. मी मापं घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याचं सगळं काम यंत्रमागांचं. त्याने जुनी पुली तळहातावर घेऊन विचारलं, “कुठल्या मागाची ओ?” मी म्हटलं, गाण्याची. त्याने वहीत ‘गाणे, १ नग’ असं लिहून घेतलं आणि मंगळवारी यायला सांगितलं. आतापर्यंत मी पाच मंगळवार गेलो आहे.

दोन पट्ट्यांच्या फितीला दोन पट्ट्यांचंच मशीन बरं, त्यात बाबांचे राग अख्खे आणि एकटे ऐकू येतील, असं अण्णांचं मत पडलं. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर पन्नास सायकलचा, दोन पट्ट्यांचा मोनो स्पूलचा टेप पडून असेल, तर कृपया कळवावं. न्यायला मी स्वतः येईन, सोबत चादर आणि दोन माणसं आणीन. मात्र नुसतं ‘चालू आहे’ असं सांगू नका. लाइट माझ्या मशीनचीही लागते.